टोसिलिझुमॅब या दाहरोधक औषधावर असलेल्या बहिणीचा (वय ३१, टाकायासू आर्टेरायटिस म्हणजे महाधमनी व तिच्या शाखांचा दाह, कोल्हापूर) सीआरपी (रक्तातील दाहाचा निर्देशक) नॉर्मल आला आहे. आता प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड बंद करता येईल का?

नाही, केवळ सीआरपी नॉर्मल आला म्हणून प्रेडनिसोलोन बंद करू नये. मात्रा टप्प्याटप्प्यानेच आणि उपचार करणाऱ्या संधिवाततज्ज्ञांच्या सांगण्यानुसार उतरवावी लागते, कारण दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम तोडल्यास शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी वेळेवर साथ देत नाहीत. टोसिलिझुमॅब इंटरल्युकिन-६ या दाहाचा संदेश देणाऱ्या प्रथिनाचा मार्ग अडवते आणि यकृत सीआरपी तयार करते ते याच इंटरल्युकिनच्या इशाऱ्यावर, त्यामुळे महाधमनीच्या भिंतीत दाह धुमसत असतानाही अहवाल निर्दोष दिसू शकतो, ईएसआर या दाह दाखवणाऱ्या दुसऱ्या रक्तचाचणीचेही तेच. म्हणून देखरेखीचा भर लक्षणे, नाडी, रक्तदाब आणि ठरावीक काळाने केलेल्या एमआर किंवा सीटी अँजिओग्राफीवर (रक्तवाहिन्यांच्या चित्रणावर) असतो. रक्तदाबाच्या बाबतीत मात्र हमखास घोटाळा होतो: हाताची धमनी अरुंद झाली असेल तर त्या बाजूचा आकडा फसवा, कमी येतो. तेव्हा राजारामपुरीतल्या दवाखान्यात असो वा सीपीआर या सरकारी रुग्णालयात, पट्टा दोन्ही दंडांना बांधायला सांगून आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत आणि जास्त आलेला ग्राह्य धरावा. दोन्ही हात बाधित असल्यास मांडीवर मोजतात. पांढऱ्या पेशी, यकृताची एन्झाइम्स आणि लिपिड यांच्या तपासण्याही चुकवू नयेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टोसिलिझुमॅबच्या जोडीने २६ आठवड्यांत प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनसारखेच स्टेरॉइड) पूर्ण उतरवता आले हे खरे, पण ते रुग्ण पन्नाशीपुढचे आणि जायंट सेल आर्टेरायटिस या धमन्यांच्या वेगळ्या दाहाचे होते, त्यामुळे ते वेळापत्रक टाकायासूला जसेच्या तसे लावता येत नाही.