नानांना विचारा : सांता फेची वाट

प्रश्न : नाना, जुन्या इंग्रजी सिनेमांत कापडी छताच्या गाड्यांची रांग पश्चिमेकडे निघालेली दिसते. हे सगळे जमिनीच्या मागे लागलेले, की त्यांत व्यापारीही होते? गाड्यांना घोडे जुंपत की बैल? आणि त्या वाटेच्या काही खुणा उरल्यात का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, वाटा दोन होत्या. बायकापोरं घेऊन कायमचे निघाले ते ओरेगॉनच्या वाटेने. अमेरिकेतल्या मिसुरीहून तेव्हाच्या मेक्सिकोतल्या सांता फे गावाला जाणारी वाट मुख्यतः व्यापाऱ्यांची. नंदुरबार-थाळनेरवरून सुरत-बऱ्हाणपूरचा माल जायचा, त्या मुलखातल्या आपल्यासारख्यांना हीच जास्त कळेल.

मेक्सिको स्पेनच्या ताब्यात होता तोवर बाहेरच्या व्यापाऱ्याला तिथे मज्जाव होता. १८२१ साली मेक्सिको सुटला आणि त्याच वर्षी विल्यम बेकनेल मिसुरीतल्या फ्रँकलिनहून माल लादून सांता फेला पोचला. अंतर सुमारे १,४५० किलोमीटर. पुढच्या वर्षी त्याने गाड्याच नेल्या. जाताना सुती कापड नि लोखंडी सामान, येताना चांदी आणि खेचरं.

घोडे बसायला. ओढायला खेचरं, आणि १८२९नंतर बैलही वाढले. कोरड्या गवतावर, खडकावर बैलाचे खूर झिजत. पत्री मारायची सोय नसली की बायसनच्या कातड्याचे जोडे बांधत. गाड्यांचं दुखणं मला जास्त ओळखीचं, कारण आमच्या घरात सुतारकी होती. कोरड्या हवेत लाकूड आटतं, आरे खुळखुळतात, धाव सैल होते. तिकडेही पाचरी ठोकायचे, नाहीतर चाकं रात्रभर नदीत बुडवून ठेवायचे. कॅन्ससमधल्या काउन्सिल ग्रोव्हच्या पुढे कणखर लाकूड मिळत नसे. म्हणून तिथेच जादा आख तोडून गाडीच्या पोटाखाली बांधून घेत. हे सिनेमात कोण दाखवणार!

जकातीचाही किस्सा आहे. सांता फे ज्यात येत होतं त्या न्यू मेक्सिको प्रांताचा गव्हर्नर मानुएल आर्मिहो याने १८३९च्या सुमारास दर गाडीमागे ५०० डॉलर लावले, गाडी लहान असो की मोठी. व्यापाऱ्यांनी मुकाट्याने मोठ्या गाड्या बांधून घेतल्या आणि दोन गाड्यांचा माल एकीत कोंबला. आपल्याकडच्या अडत्याला हे शिकवावं लागलं नसतं.

एक मात्र विसरू नका : वाट कायोवा, कोमांची या तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलखातून जात होती. सिनेमात ते फक्त हल्ला करायला येतात. मुलूख कोणाचा होता, हे कोणी सांगत नाही.

१८८० साली रेल्वे सांता फेला पोचली आणि गाड्यांचं काम संपलं. खुणा आहेत. कॅन्ससमध्ये डॉज सिटीजवळ चाकोऱ्या अजून दिसतात. पॉनी रॉक हा लांबून दिसणारा खडक लोकांनी आणि रेल्वेने बांधकामाला फोडून नेल्यामुळे पूर्वीपेक्षा ठेंगणा झालाय. कोलोरॅडोतला बेंट बंधू या व्यापाऱ्यांचा किल्ला पाहण्यासारखा. १८३३ साली कच्च्या मातीच्या विटांचा उभा राहिला, १८४९ला ओस पडला, मग पडझड झाली. पण १८४६ साली जेम्स अ‍ॅबर्ट नावाचा लष्करी अधिकारी आजारपणामुळे तिथे अडकला होता आणि त्याने किल्ल्याची मापं घेऊन चित्रं काढून ठेवली होती. त्या चित्रांच्या आणि उत्खननाच्या आधारे तो १९७६ साली पुन्हा बांधला.