मंडळीतल्या गरीब कुटुंबांसाठी चर्चने नेमकं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मंडळीत साठेक घरं आहेत, बहुतेक शेतमजूर आणि ऊसतोडीला जाणारी. दर नाताळात साड्या-ब्लँकेटं वाटूनही त्यांची ओढाताण संपत नाही. ती संपणार नाही, कारण खरी नड डिसेंबरात नसते. जूनमध्ये शाळा आणि पेरणी एकदम येतात, पावसाळ्यात आजारपण येतं, आणि मग मुकादमाकडून उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ मजुरी, घेतली जाते. एकदा उचल घेतली की अख्खा हंगाम नवरा-बायको फडात आणि मुलांची शाळा बुडते. मंडळीचा पैसा जून ते सप्टेंबर हाताशी हवा.

घरटी महिना ५० रुपये धरले तरी वर्षाला ३६,००० होतात. ते रविवारच्या अर्पणात मिसळू नका, छपराच्या दुरुस्तीत जातील. वेगळं खातं, दोघांच्या सह्या, आणि सहीत पाळकसाहेब नकोत. ज्यांच्याकडे लोक प्रार्थनेला जातात त्यांच्यावर ‘नाही’ म्हणायची वेळ येऊ नये. हा निधी कुणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या समितीत मजुरीला जाणारी एक बाई तरी हवीच. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये तक्रार हीच होती की रोजच्या वाटपात काही विधवा सुटतात. पैसे शक्यतो थेट मेडिकलमध्ये किंवा शाळेत भरा. मदत घेणाऱ्याचं नाव उपासनेत वाचू नका.

या निधीतून उसने मात्र देऊ नका. हप्ता थकला की माणूस लाजेने उपासनेला यायचं बंद करतो. पैसेही जातात आणि माणूसही. कर्जासाठी बायकांचा बचत गट वेगळा असू द्या, त्यात शेजारच्या इतर धर्मांच्या बायकाही घ्या.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कागदपत्रांचं काम. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिना १,५०० रुपये मिळतात. म्हणजे दोन विधवांचे अर्ज मंजूर झाले तर तुमच्या वर्षभराच्या निधीएवढी रक्कम दर वर्षी त्या घरांत येईल. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला, रहिवासी दाखला, पतीचा मृत्यूदाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. अर्ज तहसील कार्यालयात. ‘आपण ख्रिस्ती, आपल्याला काही मिळत नाही’ हा समज आधी काढा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत हे खरं, आणि तो अन्याय आहे. पण निराधार योजना जातीवर अवलंबून नाही, आणि महाराष्ट्रात अशा कुटुंबांना इतर मागासवर्गाचा दाखला निघू शकतो.

अर्ज अडतात ते नावांवर. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, बाप्तिस्म्याच्या नोंदीत दुसरं, आधारवर तिसरं. अर्जाआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून तपासा. दुसरी अडचण मृत्यूदाखल्याची: चर्चच्या दफन नोंदवहीत नाव चढलं की काम झालं असं घरच्यांना वाटतं. नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करावी लागते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणून दफनविधीनंतर त्याच आठवड्यात समितीतल्या कुणीतरी घरच्यांसोबत ग्रामपंचायतीत जावं.