बाबांचा हापूस आणि कापूसचं पोट

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्याकडे दीड वर्षाचा ससा आहे, कापूस, वजन दोन किलोच्या आसपास. भांडुपला राहतो, आम्ही दोघं दिवसभर ऑफिसला आणि कापूस सासऱ्यांजवळ. बाबांचा त्याच्यावर फार जीव आहे, त्यांना डायबेटीसमुळे गोड चालत नाही मग त्यांच्या वाटणीची हापूसची फोड, केळं, चिकू सगळं कापूसला जातं. एप्रिलपासून तो सुक्या गवताला तोंडच लावत नाहीये आणि शेपटीखाली काळं चिकट काहीतरी लागलेलं असतं. बाबांना बोललं की म्हणतात फळं खाऊन कोणी आजारी पडतं का? मग फळ द्यायचं की नाही, आणि किती? – एक वाचक, भांडुप

उत्तर : फळ द्यायचं, पण बाबा देतात तेवढं अजिबात नाही. दोन किलोच्या सशाला दोन चहाचे चमचे, तेही आठवड्यातून दोन-तीन दिवसच. हापूसची एक अख्खी फोड म्हणजे त्याच्यासाठी पातेलंभर आमरस झाला हो.

बाबांना हे नीट समजावून सांगा, कारण त्यांना वाटतं ते चुकीचं नाही, आपल्याला फळं चांगलीच असतात. पण सशाचं पोट गवतासाठी बनलंय. त्याच्या आतड्यात एक मोठी पिशवी असते, सीकम म्हणतात तिला, तिथले जंतू गवत आंबवून त्यातून पोषण काढतात. तिथे साखर जास्त पोचली की नको ते जंतू माजतात, गॅस होतो आणि आतड्याची हालचाल मंदावते. आणि ते चिकट काळं बहुतेक जुलाब नाहीयेत. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो, एक कोरड्या गोल ज्या आपण झाडून काढतो आणि दुसऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या बारीकशा घडासारख्या, त्या तो थेट तोंडाने उचलून खातो, बहुतेकदा रात्री, म्हणून आपल्याला दिसतच नाहीत. किळस नका करू, त्यात त्याला लागणारी प्रोटीन्स आणि बी व्हिटॅमिन्स असतात. गोडाने पोट भरलं की त्या तो खात नाही, त्या जास्तच मऊ होतात आणि तिथेच चिकटून बसतात. पाण्यासारखं पातळ झालं तर मात्र तो खरा जुलाब, तेव्हा त्याच तासाला डॉक्टर.

ती जागा रोज बघा. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने तेवढीच पुसा आणि पूर्ण कोरडी करा, अख्खी आंघोळ घालू नका. हे मी कळकळीने सांगतेय कारण पावसाळा तोंडावर आहे, घाणीवर माश्या बसून अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या थेट कातडीत शिरतात.

आणि गवत का सोडलंय त्यासाठी दात तपासून घ्या. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, गवत चावून चावूनच ते झिजतात. दाढांना टोकं आली की जीभ-गाल कापतात, मग मऊ केळं खातो आणि गवत सोडतो, आणि घरच्यांना वाटतं लाडावलाय.

माझ्या चिमीचं, माझ्या सशाचं सांगते. आम्ही गिरगावात चाळीत होतो, मे महिना, गॅलरीतून येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला काहीतरी द्यायचा, कोणी कलिंगड कोणी आंबा कोणी बिस्किट, जास्त कोणीच दिलं नाही पण सगळ्यांचं मिळून खूप झालं. एका रात्री ती कोपऱ्यात अंग चोरून बसली, दात कराकरा वाजवत होती, कोथिंबीर नाकाशी धरली तरी मान फिरवली. मी सकाळपर्यंत थांबले, ही माझी चूक. सकाळी ज्यांच्याकडे नेलं ते कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर, म्हणाले एक दिवस उपास पडू दे. सशाला उपास कधीच घडवायचा नसतो, त्याला उलटी करता येत नाही आणि आतडं रिकामं राहिलं की ते आणखी थंड पडतं. दुसऱ्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि चार दिवस दर काही तासांनी सिरिंजने पातळ चारा भरवायला लावला. पाचव्या दिवशी पहाटे पेपरवर मिरीएवढी एक लेंडी दिसली आणि मी शेजारच्या काकूंना झोपेतून उठवून दाखवली, दोघी रडत होतो.

म्हणून दहा-बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद म्हणजे इमर्जन्सी, रात्र असली तरी. आत्ताच जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारून ठेवा, तुम्ही ससे बघता का. आणि घरातलं माणसांचं अँटिबायोटिक चुकूनही देऊ नका, अमॉक्सिसिलिनसारखं औषध तोंडावाटे गेलं तर ससा दगावू शकतो.

आता बाबा. त्यांच्याकडून कापूसला भरवणं काढून घेऊ नका, त्यांचा दिवस त्यावर जातो. पोट ताळ्यावर येईपर्यंत फळ पूर्ण बंद आणि त्यांच्या हातात दुर्वांची जुडी द्या. दादरच्या फूलबाजारात मिळते, स्वच्छ धुवून, निथळून एकेक काडी भरवायची, सशाला दुर्वा फार आवडतात आणि दातांनाही काम मिळतं, फक्त पहिले काही दिवस थोड्याच द्या. नंतर आठवड्यातले ते दोन-तीन दिवस सकाळी बिया काढलेल्या सफरचंदाचा किंवा पपईचा नखाएवढा तुकडा बाबांनीच द्यावा. तो झडप घालून खाल्ला तर सगळं ठीक, आणि आवडता तुकडा नाकारला तर बाबांनी लगेच तुम्हाला ऑफिसात फोन करायचा. घरात हे सगळ्यात आधी त्यांनाच कळणार आहे. चिकू, सीताफळ, खजूर नको, फार गोड. अव्होकाडो तर विषारीच.

प्रश्न : अननसाचा रस पाजला की सशाच्या पोटातले केस विरघळतात म्हणे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही विरघळत. स्वतःला चाटताना केस पोटात जाणारच, आतडं चालू असलं की ते लेंड्यांतून बाहेर पडतात. रसाने फक्त साखर जाते. केस गळायच्या दिवसांत रोज ब्रश करा, गवत आणि पाणी भरपूर ठेवा.

प्रश्न : ताई मी सातवीत आहे. माझा ससा तीन महिन्यांचा आहे, त्याला रोज दोन गाजरं देते, बरोबर ना? – एक वाचक, परळ

उत्तर : नाही गं, गाजरातही साखर असते, चित्रातला ससा गाजर खातो म्हणून आपल्याला तसं वाटतं. तुझं पिल्लू अजून लहान आहे, त्याला आत्ता गवत आणि पिलांचे पेलेट्स, म्हणजे दाणेदार खाद्य दे, लसूणघास (अल्फाल्फाचा चारा, लसूण नव्हे) पण चालेल, सहा महिन्यांचा होईपर्यंत. पालेभाज्या हळूहळू, एका वेळी एकच नवीन, आणि गाजर मोठा झाल्यावर कधीतरी एक पातळ चकती. गवताची पिशवी जमिनीवर ठेवू नकोस, पावसाळ्यात खालून ओल धरते आणि बुरशी येते, वास घेऊन बघ, कुबट आला तर ते गवत त्याला देऊ नकोस.