इटलीच्या उंब्रिया प्रांतातलं मोंतोने हे डोंगरावरचं गाव वाट वाकडी करून बघण्यासारखं आहे का? त्याचा इतिहास काय?

नक्की जा. तुम्ही उंब्रियाची राजधानी पेरूजापर्यंत जाणार असाल, तर तिथून उत्तरेला मोंतोने फार लांब नाही. मी मूळचा रायगडमधल्या माणगावचा, म्हणून या गावाबद्दल मला जरा जास्तच बोलावंसं वाटतं. कारण पुढे येईलच.

टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, एका टेकडीच्या माथ्यावर हे तटबंदीचं गाव वसलंय. वस्ती दोन हजारांच्याही आतली. इटालियन भाषेत मोंतोने म्हणजे एडका. मध्ययुगात इथं फोर्तेब्राच्चो घराण्याचं वर्चस्व होतं. त्यातला ब्राच्चो हा त्या काळातला नावाजलेला भाडोत्री सेनानी, म्हणजे स्वतःची फौज बाळगून पैशावर लढणारा. त्याने 1416 मध्ये पेरूजा जिंकून घेतलं. 1424 मध्ये लाक्विलाच्या लढाईत तो जबर जखमी झाला आणि त्यातच गेला. त्याचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या चाकरीत होता. येशूच्या काटेरी मुकुटातला म्हणून मानला जाणारा एक काटा त्याने 1473 मध्ये गावाला आणून दिला. त्याचा उत्सव अजून होतो. ऑगस्टमध्ये गेलात तर गावातले तीन मोहल्ले जुन्या पोशाखात एकमेकांशी चुरशीने स्पर्धा करताना दिसतील. ब्राच्चोच्या गढीचे मात्र अवशेषच उरलेत, पोपने ती 1478 मध्ये पाडून टाकली.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. माणगावला तहसील कचेरीच्या आवारात नाईक (हा लष्करातला हुद्दा) यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. शाळेत जाता-येता तो दिसायचा. ‘इटलीत लढताना गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला’ एवढंच आम्हाला ठाऊक. व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. इटलीत कुठं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ते हेच खोरं.

दुसऱ्या महायुद्धात, जून 1944 मध्ये रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती पडलं आणि जर्मन फौजा उत्तरेकडे हटू लागल्या. पण हटताना त्या एकेक टेकडी अडवून धरत होत्या. टायबरच्या काठाने वर सरकत होती ब्रिटिशांकडून लढणारी दहावी भारतीय डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. 10 जुलैला घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. ते सोडून तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी. ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद केले, आणखी एकाला टॉमीगनने (हातात धरून चालवायच्या छोट्या मशीनगनने) टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यावर त्यांनी प्राण सोडला. वय अवघं 22.

इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 भारतीय सैन्यातल्या जवानांना मिळाले, त्यातले दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीचे: घाडगे आणि नामदेव जाधव. या मोहिमेत 5,782 भारतीय जवान कामी आले. आपल्या शाळेच्या पुस्तकात यातलं काहीच आलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मोंतोनेकरांनी मात्र आठवण ठेवली. जुलै 2023 मध्ये गावात घाडग्यांचं स्मारक झालं. ते आहे एक सूर्यघड्याळ. त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ, ‘आपण सारे एकाच सूर्याखाली’. त्यामुळे जाल तेव्हा लख्ख ऊन असेल अशी वेळ साधा, सावली सरकताना दिसायला हवी.

घाडग्यांची कबर कुठंच नाही. नाव आहे ते थेट दक्षिणेला, कॅसिनोच्या युद्धस्मारकावर, हजारो नावांमध्ये. म्हणून मोंतोनेला गेलात तर त्या घड्याळापाशी आमच्या माणगावकरांच्या वतीने एक फूल ठेवा.