ठिबकचं अनुदान अडकलंय? "का" विचारू नका, यादी मागा

शिरूरच्या दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. ठिबक बसवून वर्ष उलटलं, ऑफिसात दर वेळी "निधी आला नाही" आणि बांधाशेजारच्याचे पैसे मात्र जमा. पुरंदरला माझ्या दीड एकर सीताफळाचं हेच झालं होतं. सातबारा, आधार जोडणी, पूर्वसंमतीनंतरच खरेदी हे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

माझी चूक सांगतो. मापदंडाच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या, 80 टक्के मिळणार या भरवशावर दुकानात उधारी केलेली. चार महिने चकरा मारल्यावर डोकं फिरलं आणि रागाच्या भरात माहिती अधिकारात लिहिलं, "माझं अनुदान का दिलं नाही? जबाबदार कोण?" तिसाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. मला वाटलं, टाळतायत. पण "का"चं उत्तर द्यायला ते बांधील नसतात, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्येच तसं म्हटलंय. कागदावर असेल तेवढंच मिळतं. वर पहिलं अपील 30 दिवसांत करायचं, तेही मी सोडलं. सात महिने गेले, दुकानदाराचे फोन चालूच.

शेवटी ओळखीच्या एका निवृत्त तलाठ्यांनी खडसावलं, "स्वतःचं रडगाणं नको, गावाची यादी माग." मागितली. अर्ज क्रमांक, पूर्वसंमतीची तारीख, मोका तपासणी (म्हणजे शेतावर येऊन केलेली पाहणी), रक्कम, जमा तारीख. पानाला 2 रुपये भरून 11 पानं मिळाली. माझ्या ओळीत मोका तपासणीचा रकाना कोरा! अहो, कृषी सहाय्यक येऊन गेले होते. टेपने नळ्या मोजल्या, फिल्टरशेजारी मला उभं करून फोटो काढला, गाडीच्या सीटवर कागद ठेवून माझी सही घेतली. तो अहवाल फाइलीतच राहिला, संगणकावर चढलाच नाही. आणि माझ्यानंतर बिल दिलेल्या तिघांना रक्कम मिळालेली. "निधी नाही" हे धादांत खोटं होतं. ते पान आणि मोबाईलमधला त्या दिवसाचा फोटो घेऊन वरच्या साहेबांकडे गेलो, महिन्याच्या आत पैसे आले.

खरं तर ही यादी मागावी लागणंच चूक आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4(1)(ख) मधल्या 17 मुद्द्यांत बारावा मुद्दा अनुदानाच्या रकमा आणि लाभार्थ्यांच्या तपशिलाचाच आहे, तो कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो. पीएम किसानची गावनिहाय यादी घरबसल्या दिसते, मग ठिबकची ग्रामपंचायतीच्या फलकावर का नको? माझं मत ठाम आहे: यादी भिंतीवर असती तर माझे सात महिने वाचले असते आणि सहाय्यकावरचा आळही टळला असता.

मी वकील नाही, नियम बदलतात, खात्री करून घ्या. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(ञ) बदललंय, त्यामुळे "वैयक्तिक माहिती" म्हणून नाकारू शकतात. म्हणून कोणाचा आधार, खातं, मोबाईल मागूच नका, आणि अर्जात कलम 4 चा उल्लेख करा. अर्ज 150 शब्दांत, एकाच विषयाचा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. यादी मिळाल्यावर शेजाऱ्यांची नावं व्हॉट्सॲपवर फिरवू नका, गावात उगाच वैर होतं. आधी स्वतःच्या ओळीतला मोका तपासणीचा रकाना बघा आणि तिथे काय आहे ते इथे कळवा.