गॅस स्टोरेज फील्डचं इन्स्पेक्शन: मॅन्युअल तयार आहे, मग अजून काय बघतात?

तुमचा प्रश्न मी असा समजलो की अमेरिकेत एका जुन्या, उपसून संपलेल्या गॅस फील्डमधे आता स्टोरेज चालतं, तिथे तुम्ही नुकतेच कम्प्लायन्सला आलात, फिम्साचं (पाइपलाइन आणि गॅस स्टोरेजची सेफ्टी बघणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचं) इन्स्पेक्शन लागलंय, प्रोसिजर मॅन्युअल अपडेट झालेलं आहे आणि बॉस म्हणतायत की सगळं कव्हर्ड आहे, मग अजून कसली तयारी करायची.

मॅन्युअल असलं तर बरंच आहे. 49 सीएफआर 192.12 (जमिनीखालच्या गॅस स्टोरेजचा अमेरिकी केंद्र सरकारचा नियम) प्रमाणे ते कॅलेंडर वर्षातून एकदा आणि 15 महिन्यांच्या आत रिव्ह्यू झालेलं हवं, आणि जिथे काम चालतं तिथे हाताशी हवं. हे तासाभरात चेक होतं. फिम्साचे इन्स्पेक्शनचे प्रश्न त्यांच्या साइटवर पब्लिक आहेत, ते उतरवून घ्या, निम्मी भीती तिथेच जाईल. माणसं अडकतात ती पुढे, जेव्हा इन्स्पेक्टर मॅन्युअलमधलं एखादं वाक्य उचलतो आणि म्हणतो, हे या अमुक विहिरीवर केल्याचं दाखवा. मग गेल्या वर्षीचं दाखवा, मग रीडिंग वाढलं होतं तेव्हा कोणी काय ठरवलं ते दाखवा, आणि ठरवलं ते झालं का तेही दाखवा. या शेवटच्या प्रश्नावर भल्याभल्यांची फाइल संपते.

हा प्रश्न इतका का लावून धरतात ते कळायला अलिसो कॅन्यन या स्टोरेज फील्डवर काय झालं ते बघावं लागतं. 23 ऑक्टोबर 2015 ला कॅलिफोर्नियात एसएस-25 या विहिरीतून गळती सापडली, ती फेब्रुवारी 2016 मधे बंद झाली, तोवर साधारण 1 लाख टन मिथेन हवेत गेला आणि शेजारच्या पोर्टर रँच वस्तीतली हजारो कुटुंबं घर सोडून दुसरीकडे राहिली. विहीर 1953 ची. 7 इंची केसिंगला (विहिरीच्या आत बसवलेल्या पोलादी पाइपला) बाहेरून गंज लागला होता, भूजलाचा संपर्क आणि बॅक्टेरिया दोन्ही कारणीभूत, आणि जमिनीखालचा सेफ्टी व्हॉल्व्ह कित्येक वर्षांपूर्वीच काढलेला. हे सगळं बहुतेकांना माहीत असतं. पण 2019 ला मूळ कारणांचा जो रिपोर्ट आला त्यातली मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट वेगळी आहे. 1988 मधे त्याच फील्डवर 20 विहिरींचं केसिंग तपासायची शिफारस झाली होती, त्यातल्या 7 तपासल्या, बाकीच्या राहून गेल्या, आणि एसएस-25 त्या राहिलेल्यांत होती. म्हणजे धोका ओळखला होता, कागदावर लिहिलाही होता, फक्त यादी पूर्ण झाली नाही आणि का झाली नाही हे कोणी विचारलं नाही. म्हणून तुमच्याकडे 'शिफारस' असा शब्द असलेला जो काही कागद आहे, मग तो लॉगिंग कंपनीचा रिपोर्ट असो की जुन्या इंजिनिअरची मेल, तो आधी शोधा आणि त्यापुढे काय झालं ते लिहून काढा. केलं नसेल तर का केलं नाही याचं टेक्निकल कारण हवं, "बजेट नव्हतं" हे कारण नव्हे.

आता अ‍ॅन्युलस प्रेशर, म्हणजे केसिंग आणि त्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या पाइपमधल्या मोकळ्या जागेतलं प्रेशर, कारण खरं गाडं इथेच अडतं. एपीआय या अमेरिकी तेल-गॅस उद्योगाच्या संघटनेचं 1171 हे स्टँडर्ड (तुमच्यासारख्या रिझर्वायर फील्डला हेच लागतं, मिठाच्या थरातल्या पोकळीला, म्हणजे कॅव्हर्नला 1170) अ‍ॅन्युलसमधे गॅस आहे का हे प्रेशर किंवा फ्लो मोजून नोंदवायला सांगतं, आणि आकडा नुसता लिहून भागत नाही, तो तपासून त्याचा अर्थ लावायला लागतो. बहुतेक फील्डवर ऑपरेटर दर फेरीला गेज बघतो, आकडा लिहितो आणि पुढे जातो. वर्षानुवर्षं शून्य, शून्य, शून्य. असा कागद बघून इन्स्पेक्टर पहिलं विचारतो की गेज कुठल्या रेंजचा, कारण हजार पीएसआयच्या गेजवर पाच पीएसआय दिसतच नाही, काटा हलत नाही, मग शून्याचा अर्थ काय राहिला? दुसरं, गेजचा छोटा व्हॉल्व्ह उघडा होता का. हसू नका, बंद व्हॉल्व्हच्या पलीकडे बसलेला गेज वर्षभर शून्य दाखवतो.

आणि प्रेशर सापडलं तर? घाबरायचं नाही आणि नुसतं ब्लीड करून (गॅस बाहेर सोडून प्रेशर उतरवून) सोडूनही द्यायचं नाही. ब्लीड केल्यावर किती वेळात उतरलं, बंद केल्यावर किती तासात किंवा दिवसात परत चढलं, कुठे थांबलं, हे लिहायचं. पटकन उतरून पुन्हा न चढलं तर अडकलेला थोडा गॅस किंवा टेंपरेचरचा खेळ असू शकतो, सारखं चढत असेल तर कुठून तरी पुरवठा चालू आहे. स्टोरेजचं प्रेशर हिवाळ्यात उतरतं तसं अ‍ॅन्युलसचं पण उतरतंय का हे एकाच ग्राफवर टाकून बघा, दोन्ही रेघा बरोबर चालल्या तर प्रश्न गंभीर आहे. गॅसचं सँपल घेऊन कॉम्पोझिशन बघा, कारण वरच्या उथळ थरातला गॅस आणि तुमचा पाइपलाइनमधून आलेला गॅस बहुतेक वेळा वेगळा ओळखू येतो. त्यानंतर गरजेप्रमाणे टेंपरेचर लॉग आणि नॉइज लॉग. गॅस फटीतून प्रसरण पावत बाहेर पडताना थंड होतो म्हणून टेंपरेचर लॉगवर तिथे खळगा दिसतो, नॉइज लॉगवर आवाज. पण हे दोन्ही लॉग आत्ता गळतंय का एवढंच सांगतात, केसिंगची भिंत किती उरलीय ते सांगत नाहीत, त्यासाठी मॅग्नेटिक फ्लक्स किंवा अल्ट्रासॉनिक लॉगच लागतो. "दरवर्षी टेंपरेचर लॉग करतो, मग गंजाची काळजी नाही" असं तुमच्याकडे कोणी म्हणत असेल तर ते आधी दुरुस्त करा.

फील्डच्या दिवशी व्हॉल्व्ह बघतात. मास्टर व्हॉल्व्ह आणि पाइपलाइनपासून विहीर तोडणारा व्हॉल्व्ह वर्षातून किमान एकदा चालवून तपासायचा असतो, आणि टेस्ट म्हणजे तो बंद होऊन विहीर अडवतो का हे बघणं. चाक थोडं फिरलं आणि "ओके" लिहिलं असल्या नोंदी लगेच ओळखू येतात, सगळ्या विहिरींना एकच तारीख, एकच अक्षर, एकच शाई. सेफ्टी व्हॉल्व्ह असतील तर तेही वर्षाला, आणि असा व्हॉल्व्ह बंद झाला तर तपासणी करून जागेवर जाऊनच उघडायचा, कंट्रोल रूममधून नाही. हे तुमच्या ऑपरेटरला तोंडपाठ हवं, कारण इन्स्पेक्टर त्यालाच विचारतो, तुम्हाला नाही. त्याला पढवून ठेवू नका, मॅन्युअलमधलं त्याच्या कामाचं पान त्याच्याबरोबर बसून वाचा, चुकीचं लिहिलेलं तोच दाखवून देईल.

रिस्क असेसमेंटच्या तारखा: 192.12 चा फायनल रूल फेब्रुवारी 2020 चा, 13 मार्च 2020 पासून लागू. रिझर्वायरचं (गॅस साठवणाऱ्या थराचं) बेसलाइन, म्हणजे पहिलं असेसमेंट, आणि विहिरींपैकी किमान 40 टक्के, जास्त धोक्याच्या आधी, हे 13 मार्च 2024 पर्यंत व्हायला हवं होतं, उरलेल्या विहिरींना 13 मार्च 2027. पुढे 7 वर्षांच्या आत पुन्हा. इथे 40 टक्क्यांचं गणित सगळे दाखवतात, पण "जास्त धोक्याच्या आधी" हे दाखवता येत नाही, कारण ज्या विहिरीवर दुरुस्तीची (वर्कओव्हर) रिग आधीच उभी होती तीच मोजून टाकलेली असते. रँकिंगची यादी आणि प्रत्यक्ष कामाचा क्रम शेजारी ठेवा, जिथे जुळत नाही तिथे कारण लिहा, आणि आत्ता लिहिताय तर आजचीच तारीख टाका. मागची तारीख टाकणं हा साध्या त्रुटीचा मोठा गुन्हा करायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

एक गैरसमज पण काढून टाकतो. 2016 च्या इंटरिम (तात्पुरत्या) रूलमधे एपीआय स्टँडर्डमधले "शुड" (नुसतं "करावं" असं सुचवणारी वाक्यं) सुद्धा बंधनकारक धरले होते, त्यावर इंडस्ट्रीने हरकत घेतली आणि फायनल रूलमधे ते मागे घेतलं. जुन्या माणसांकडून दोन्ही तऱ्हा ऐकायला मिळतील. पण तुमच्याच मॅन्युअलमधे तुम्ही "करू" असं लिहिलं असेल तर ते तुम्हाला बांधतं, कारण नियम लिहा आणि पाळा असा आहे. कन्सल्टंटकडून घेतलेल्या मॅन्युअलमधे अशी फुकटची वचनं भरपूर असतात, ती वाचून काढा.

इंटिग्रिटीचे (विहिरी आणि रिझर्वायर धडधाकट आहेत हे दाखवणारे) रेकॉर्ड फील्ड चालू आहे तोवर ठेवायचे आहेत, त्यामुळे सॉफ्टवेअर बदललं आणि डेटा गेला ही सबब चालत नाही. वार्षिक रिपोर्ट 15 मार्चला, त्यातले विहिरींचे आकडे तुमच्या यादीशी जुळतात का बघा, इन्स्पेक्टर तो वाचूनच येतो. अपघाताची खबर नॅशनल रिस्पॉन्स सेंटरला खात्री झाल्यापासून तासाभरात द्यायची, ती रात्री दोनला कोण देणार याचं नाव विचारतील, पद नाही.

कोणी म्हणेल की एवढे नियम आल्यावर आता काय होतंय, तर नोव्हेंबर 2022 मधे पेनसिल्वेनियात रेगर माउंटनवर एका विहिरीतून जवळपास दोन आठवडे गॅस जात होता, साधारण 1 अब्ज घनफूट, आणि तिथेही केसिंगचा गंजच.

शेवटच्या मीटिंगमधे ते जे बोलतील ते शब्दाला शब्द लिहून घ्या, तिथे वाद घालू नका आणि तारखांची वचनंही देऊ नका. प्रोसिजर अपुरी वाटली तर अमेंडमेंटची नोटीस येते, त्याहून पुढे वॉर्निंग लेटर किंवा प्रोबेबल व्हायोलेशनची (नियम मोडल्याचं दिसतंय अशी) नोटीस, दंड दिवसाला 2 लाख डॉलरच्या वर जाऊ शकतो. प्रोबेबल व्हायोलेशनच्या नोटिशीला उत्तर द्यायला 30 दिवस मिळतात, ते पत्र मेलरूममधे पडून राहणार नाही एवढं बघा. अ‍ॅन्युलसच्या ग्राफमधे काही विचित्र दिसत असेल तर विहिरीचं आणि कंपनीचं नाव काढून इथे टाका, बघून सांगतो.