पबमध्ये राउंड, बारमध्ये टिप

प्रश्न: मी बरीच वर्षं शिकागोला होतो, आता कंपनीने मँचेस्टरला पाठवलंय. तिकडे ऑफिस सुटलं की एकटाच बारमध्ये जाऊन बसायचो आणि शेजारच्याशी गप्पा सुरू व्हायच्याच. इथे पबमध्ये टेबल धरून कितीतरी वेळ बसलो तर ऑर्डर घ्यायला कोणी फिरकलं नाही, बोलायला तर नाहीच नाही. हे लोक माणूसघाणे आहेत का? शिवाय हल्ली मी दारू सोडलीय, मग पबमध्ये जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर: माणूसघाणे वगैरे काही नाहीत हो, तुम्ही बारची सवय घेऊन पबमध्ये गेलात एवढंच. साध्या पबमध्ये टेबलवर कोणी येत नाही, उठून काउंटरवर जायचं, तिथेच सांगायचं, तिथेच कार्ड टॅप करायचं आणि आपला ग्लास आपण उचलून आणायचा. जेवण मागवायचं असेल तरी बहुतेक ठिकाणी असंच, फक्त टेबलचा नंबर बघून जायचा. काउंटरपुढे रांग दिसत नाही पण कोण कोणाच्या आधी आलं हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं असतं, त्यामुळे तुम्हाला चुकून आधी विचारलं तर 'यांचा नंबर आधी आहे' म्हणून शेजारच्याकडे हात करा, तेवढ्यावर तो माणूस दोन वाक्यं हमखास बोलतो. चुटकी वाजवणं, हाक मारणं, नोट हलवणं मात्र अजिबात नको.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे येतो. अमेरिकन बारची बैठकच एकट्या माणसासाठी आहे, लांब काउंटर, ओळीने स्टूल, समोर बारटेंडर, वर टीव्हीवर मॅच चालू. दोघं शेजारी शेजारी समोर बघत बसलेले असतात, एकमेकांकडे तोंड नसतं म्हणून बोलायचा संकोच कमी आणि बोलणं तुटलं तरी मॅच आहेच. त्यात बारटेंडर स्वतःहून विचारपूस करतो, दोन गिऱ्हाइकांची ओळख करून देतो. इथल्या पबमध्ये लोक बहुतेक वेळा आपापली टोळी घेऊन येतात, ऑफिसवाले, फुटबॉलवाले, एकाच गल्लीतले, आणि कोपऱ्यातल्या टेबलभोवती गोल करून बसतात, त्या गोलात बाहेरच्याने घुसायचं नसतं. म्हणजे बारमध्ये ओळख काउंटरवर होते, पबमध्ये ती कोणाच्या तरी हाताला धरून होते, तेव्हा शुक्रवारी ऑफिसमधलं कोणी 'पबला येतोस का' म्हणालं तर हातातलं काम ठेवा आणि जा, माझं तर मत आहे की इंग्लंडमध्ये ऑफिसची खरी ओळख तिथेच होते, मीटिंगमध्ये नाही.

गेलात की राउंडचा हिशोब समजून घ्या. पाच जण असतील तर एक जण उठतो, सगळ्यांना काय हवं ते विचारतो आणि पाचही ग्लास स्वतःच्या पैशाने आणतो, पुढच्या वेळी दुसरा. कोणी वहीत लिहीत नाही पण कोणी उठलं नाही हे सगळ्यांच्या लक्षात असतं, बोलून दाखवणार नाहीत, पुढच्या शुक्रवारी बोलावणार नाहीत. कधी उठायचं तर ग्लासांमध्ये तळाशी थोडंसंच उरलं की आणि तुमचा नंबर अजून झाला नसेल तर. तुम्ही पीत नसलात तरी राउंड चुकवू नका, दुसऱ्यांचे पाइंट (बीअरचे मोठे ग्लास) आणा, स्वतःला लाइम-सोडा नाहीतर बिनदारूची झीरो बीअर घ्या, कोणी भुवई उंचावत नाही. लवकर निघायचं असेल तर सुरुवातीलाच 'मी एकच घेऊन पळणार, माझं मी आणतो' असं सांगून टाका, ते चालतं. चालत नाही ते म्हणजे तीन जणांच्या तीन राउंड पिऊन ट्रेनची वेळ आठवणं.

आणि एकटंच जायचं असेल तर पब बदलत बसू नका. घराजवळचा एक धरा, दर आठवड्याला त्याच वारी जा, काउंटरजवळ उभे राहा. पब क्विझ, म्हणजे टीम करून खेळायची प्रश्नमंजुषा, असेल त्या दिवशी तर नक्कीच जा, टीमला माणूस कमी पडत असतोच, आणि अमेरिकेत राहिलेला माणूस म्हणजे बेसबॉल आणि अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या प्रश्नांना सोन्यासारखा. कोणाच्या पायाशी कुत्रा बसलेला दिसला तर त्याचं नाव विचारा. इंग्लंडमध्ये अनोळखी माणसाशी बोलायची सुरुवात हवामानापेक्षाही कुत्र्यावरून सोपी जाते.

प्रश्न: आम्ही लंडनहून बॉस्टनला चाललोय. बारमध्ये टिप किती द्यायची? इथे तर कधीच दिली नाही.

उत्तर: पबमध्ये काउंटरवर टिपची पद्धत नाही, फार खूश असलात तर 'तुझ्यासाठी पण एक घे' म्हणतात. अमेरिकेत मात्र विसरू नका. साध्या बीअरला ग्लासामागे एक डॉलर, कॉकटेल असेल तर थोडे जास्त, सगळं बिल शेवटी भरणार असाल तर 18-20 टक्के धरून चला. कारण असं की केंद्राच्या कायद्याने टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला 2.13 डॉलर दिले तरी चालतात आणि टिपा धरून किमान वेतन भरलं म्हणजे झालं, हा आकडा 1991 पासून हललेला नाही. बऱ्याच राज्यांत यापेक्षा जास्त द्यावे लागतात पण टिपची सवय सगळीकडे तीच. ब्रिटनमध्ये किमान वेतनात टिप धरता येत नाही, फरक तिथून पडतो. आणि पहिल्याच ग्लासला नीट टिप दिलीत तर गर्दीतसुद्धा बारटेंडरचं तुमच्याकडे लक्ष राहतं, हे अनुभवाने सांगतो.

प्रश्न: मुलगा 19 वर्षांचा आहे, इंग्लंडमध्ये शिकतो, मित्रांबरोबर पबला जातो. सुट्टीत न्यूयॉर्कला जाणार आहे, तिकडे चालेल ना?

उत्तर: प्यायला नाही चालणार. ब्रिटनमध्ये वय 18, अमेरिकेत 21. तिकडे 1984 च्या कायद्याने केंद्राने राज्यांना सांगितलं की वय 21 करा नाहीतर हायवेच्या निधीत कपात, मग हळूहळू सगळ्यांनीच केलं. बऱ्याच बारमध्ये रात्री 21 खालच्यांना दारातूनच परत पाठवतात, नुसता कोक प्यायचाय म्हटलं तरी. मॅच बघायची असेल तर जेवण मिळतं अशा ठिकाणी दिवसा जाऊ दे. आणि तुम्ही बरोबर जाणार असाल तर तुमचाही पासपोर्ट खिशात ठेवा, पिकलेले केस बघूनसुद्धा ओळखपत्र मागणारे दारवान तिकडे भेटतात.